कायमचा दात दुसऱ्यांदा येत नाही : हॉकी खेळणाऱ्या मुलामुलींसाठी माउथगार्ड कसा निवडावा?



पावसाळा सुरू झाला की शाळांच्या हॉकी स्पर्धांचे दिवस येतात. २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा होतो. त्या सुमारास आपल्या वस्त्यांतली मुलेमुलीही हातात स्टिक घेऊन मैदानाकडे निघतात. पुणे परिसरात तर हॉकी वस्तीच्या अंगणातच वाढली आहे. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेले धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक खेळले. पिंपरीच्या नेहरूनगरात महापालिकेचे मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे पॉलिग्रास मैदान आहे. मुले खेळतात याचा आम्हांला आनंदच आहे. या वेळचे आरोग्याचे पान मात्र आम्ही एका दुःखद प्रसंगामुळे लिहीत आहोत.

गेल्या मोसमात आमच्या वस्तीतली नववीची एक मुलगी मुरमाच्या मैदानावर सराव करत होती. चेंडू खड्ड्यावरून उसळला आणि थेट तोंडावर बसला. वरचा पटाशीचा एक दात मुळासकट निघाला, शेजारचा अर्धा तुटला. कुणीतरी दात शोधून काढला, नळाखाली खसखसून धुतला आणि वहीच्या कागदात गुंडाळून खिशात ठेवला. आईवडील कामावर होते. डॉक्टरकडे पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तो दात वाचला नाही. त्यानंतर कित्येक दिवस ती मुलगी तोंडावर ओढणी धरून बोलत होती. घरात, शेजारात एकच चर्चा : "मुलीच्या जातीला हा खेळ हवाच कशाला? उद्या लग्नाचं काय?"

यात कुणा एकाचा दोष आम्ही काढत नाही. त्या मैदानावर आमच्यापैकीही काही जण उभे होते. निघालेल्या दाताचे काय करायचे हे आम्हांलाही माहीत नव्हते. आणि काही शे रुपयांचा माउथगार्ड तोंडात असता, तर बहुधा दात शाबूत राहिले असते, हेही नंतर कळले. विहारात रविवारच्या वंदनेनंतर पालक आम्हांला विचारू लागले, "कोणता गार्ड घ्यायचा? दुकानात तर पन्नास प्रकार दाखवतात." म्हणून ही माहिती.

हॉकीत तोंडाला मार का लागतो?

हॉकीच्या चेंडूचे वजन नियमाप्रमाणे १५६ ते १६३ ग्रॅम असते. म्हणजे क्रिकेटच्या लेदर चेंडूइतकाच तो जड आणि टणक. स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमपर्यंत चालते. क्रिकेटमध्ये फलंदाज हेल्मेट घालतो. हॉकीत मात्र गोलकीपर सोडला तर बाकीचे दहा खेळाडू उघड्या तोंडाने खेळतात, तेही कंबरेत वाकून, म्हणजे चेहरा चेंडूच्या आणि स्टिकच्या जवळ आणून.

टर्फवर चेंडू वेगाने येतो, पण सरळ येतो. आपल्या मुरमाच्या आणि मातीच्या मैदानावर वेग थोडा कमी असतो, पण चेंडू कुठून उसळेल याचा नेम नसतो. शिवाय समोरच्याची वर आलेली स्टिक, कुणाचे कोपर, खाली पडणे, ही कारणे आहेतच. सगळ्यात जास्त मार बसतो तो वरच्या पटाशीच्या दातांना. ज्यांचे वरचे दात पुढे आलेले आहेत, त्यांना धोका आणखी जास्त.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमपुस्तकात मैदानी खेळाडूंनी नडगी, घोटा आणि तोंड यांचे संरक्षण वापरावे अशी शिफारस आहे. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. त्यामुळे गार्ड नाही म्हणून पंच मुलाला बाहेर काढतीलच असे नाही. घरात पैसे मोजके असले की आधी स्टिक येते, मग बूट, मग नडगीचे पॅड. दातांची पाळी शेवटी येते आणि बहुतेकदा येतच नाही. खरे तर हाड मोडले तर जुळते. कायमचा दात गेला तर दुसरा येत नाही.

गार्ड काय करतो आणि काय करत नाही

माउथगार्ड म्हणजे वरच्या दातांवर बसणारे मऊ, लवचीक कवच. बहुतेक गार्ड ईव्हीए नावाच्या पदार्थाचे असतात. चपलांचे हलके तळवे ज्या जातीच्या पदार्थाचे असतात त्याच जातीचा, पण तोंडात घालण्यायोग्य प्रतीचा. मार बसला की तो जोर एका दातावर न येता सगळ्या दातांवर पसरतो आणि काही जोर गार्ड स्वतः शोषून घेतो. ओठ आणि गालाची आतली बाजू दातांवर आपटून फाटत नाही. हनुवटीवर मार बसला तर खालचे दात वरच्या दातांवर आदळत नाहीत.

पण गार्ड म्हणजे ताईत नव्हे. तो डोळा वाचवत नाही, नाक वाचवत नाही. मेंदूला बसणारा हादरा तो थांबवतो असे पाकिटावर लिहिलेले असले तरी त्याला भक्कम पुरावा नाही. त्यामुळे "गार्ड आहे ना, मग घुसू दे" असे मुलांना कधी सांगू नका. पेनल्टी कॉर्नर अडवायला पुढे धावणाऱ्यांनी चेहऱ्याचा मास्कही घालायला हवा. गोलकीपरला हेल्मेट असले तरी त्यानेही आत गार्ड घालावा, कारण जोराचा मार हेल्मेटमधूनही जबड्यापर्यंत पोचतो.

तीन प्रकार ओळखा

दुकानदार पन्नास रंग दाखवतो, पण प्रकार तीनच आहेत.

पहिला, तयार साच्याचा. पाकिटातून काढायचा आणि तोंडात घालायचा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कुचकामी. तो कुणाच्याच मापाचा नसतो. जागेवर ठेवायला दात सतत आवळून धरावे लागतात, बोलता येत नाही, श्वास अडतो. मूल दुसऱ्याच दिवशी तो पिशवीत टाकते. जोराचा मार बसला तर सैल गार्ड निसटून घशाकडेही जाऊ शकतो. हा घेऊ नका.

दुसरा, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा. दुकानात याला 'बॉईल अँड बाईट' म्हणतात. गरम पाण्यात तो मऊ होतो, मग तोंडात घालून चावला की दातांचा ठसा घेतो आणि गार झाला की त्याच आकारात राहतो. साधारण दोन-तीनशे रुपयांपासून पुढे मिळतो. नीट बसवला तर शाळेच्या आणि क्लबच्या खेळाला पुरतो. मात्र घाईत बसवला किंवा जोराने चावला तर नेमका पुढचा भाग पातळ होतो, आणि मार तर तिथेच बसतो.

तिसरा, दंतवैद्याकडे मापाने केलेला. डॉक्टर वरच्या दातांचे माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा करतात आणि यंत्रावर गरम केलेला ईव्हीएचा पत्रा त्या साच्यावर खेचून बसवतात. कुठे किती जाडी ठेवायची हे त्यांच्या हातात असते. पुढच्या दातांवर साधारण तीन ते चार मिलिमीटर जाडी असावी. हा उत्तम बसतो, बोलता येते, श्वास मोकळा राहतो. खाजगी दवाखान्यात खर्च हजारांत जातो. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. अशा ठिकाणी उपचारांचे दर खाजगीपेक्षा कमी असतात. 'खेळासाठी माउथगार्ड करून मिळेल का' असे तिथे स्पष्ट विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आपल्या घरासाठी कोणता? मध्यम मार्ग धरा

तथागतांनी दोन टोके टाळायला शिकवले. इथेही तेच उपयोगी पडते. सर्वांत स्वस्त घेऊन पैसे पाण्यात घालू नका, आणि परवडत नसताना कर्ज काढून महागडाही घेऊ नका. मुलाचे वय, दात आणि खेळ बघून ठरवा.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात पडत असतात आणि कायमचे येत असतात. आज घेतलेले माप सहा महिन्यांत बदलते. त्यांच्यासाठी गरम पाण्यात बसवायचा, लहान मापाचा गार्ड घ्यावा आणि दात बदलले की तोही बदलावा. बहुतेक कंपन्या दहा-अकरा वर्षांपर्यंत 'ज्युनिअर' माप देतात. पण वयापेक्षा जबडा बघा. मोठ्या चणीच्या दहा वर्षांच्या मुलाला मोठे माप लागू शकते.

तेरा-चौदा वर्षांनंतर अक्कलदाढा सोडून बहुतेक कायमचे दात आलेले असतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस खेळणाऱ्यांना नीट बसवलेला चांगला 'बॉईल अँड बाईट' पुरे आहे.

जे रोज टर्फवर खेळतात, जिल्हा-राज्य पातळीवर जातात किंवा बचाव फळीत पेनल्टी कॉर्नर अडवतात, त्यांच्यासाठी मापाचा गार्ड करून घ्यावा. हा खर्च चैनीचा नाही.

ज्यांच्या दातांना तारा आहेत, ज्यांना काढता-घालता येणारा खोटा दात आहे किंवा पुढच्या दातांत मोठी फट आहे, त्यांनी दुकानातला गार्ड स्वतः बसवू नये. मऊ झालेला गार्ड तारांत घुसून अडकतो, शिवाय तारांनी सरकणाऱ्या दातांना तो अडवतो. तारा बसवणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. आणि खोटा दात खेळायला उतरण्यापूर्वी काढून डबीत ठेवावा. मार बसून तो मोडला तर तुकडा गिळला जाण्याची किंवा श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते.

दुकानात काय पाहावे

पाकीट सीलबंद असावे आणि बसवण्याची कृती त्यावर लिहिलेली असावी. सुटा, उग्र वास येणारा, कृती नसलेला गार्ड घेऊ नये. दुसऱ्याने तोंडात घालून पाहिलेला तर मुळीच नको. साधा एकरंगी चांगला. गडद रंगाचा घेतला तर मातीत पडला तरी सापडतो आणि तोंडात आहे की नाही हे सरांना लांबूनही दिसते. 'जेल', 'डबल लेयर', 'प्रो' अशा शब्दांवर भुलू नका. मुलाच्या तोंडात तो घट्ट बसतो का, एवढेच शेवटी महत्त्वाचे. लांब पट्टी लागलेले गार्ड जाळीच्या हेल्मेटसाठी असतात. हॉकीच्या मैदानी खेळाडूला पट्टी नको.

घरी बसवण्याची रीत

हे काम मोठ्या माणसाने करावे, मुलावर सोपवू नये. रात्री जेवण झाल्यावर, घाई नसताना करा. मुलाने आधी दात घासावेत.

एक. पाकिटावरची कृती आधी पूर्ण वाचा. पाण्यात किती सेकंद ठेवायचे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. ती वेळ घड्याळ लावून पाळा.

दोन. गार्ड कोरडाच तोंडात घालून पाहा. मागे शेवटच्या दाढेला टोचत असेल किंवा उलटीची भावना होत असेल तर मागची टोके कात्रीने थोडी कापा. पण पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत तरी तो पोचलाच पाहिजे.

तीन. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, क्षणभर थांबा, मग गार्ड पाण्यात सोडा. वेळ झाली की झाऱ्याने किंवा चमच्याने काढा. आधी स्वतःच्या बोटाला लावून पाहा आणि पाकिटावर सांगितले असेल तसा क्षणभर गार पाण्यात बुडवा. थेट उकळत्या पाण्यातून मुलाच्या तोंडात घालू नका. टाळू भाजते.

चार. आरशासमोर मुलाला बसवा. गार्ड वरच्या दातांवर मध्यभागी धरा, दोन्ही अंगठ्यांनी वर दाबा. आता मुलाने हळू चावायचे, भाकरी तोडतो तसे नव्हे. दात गार्डमध्ये बसले पाहिजेत, आरपार जाता कामा नयेत.

पाच. तोंड मिटून आतली हवा आणि लाळ ओढून घ्यायला सांगा. जीभ टाळूवर दाबायला सांगा. त्याच वेळी तुम्ही बाहेरून ओठांवर आणि गालांवर बोटांनी दाबा, म्हणजे पुढचा भाग दातांना आणि हिरडीला चिकटून बसेल. साधारण अर्धा मिनिट असे धरा.

सहा. काढून गार पाण्यात मिनिट-दोन मिनिटे ठेवा. नीट बसला नसेल तर पुन्हा गरम करून एकदा करता येते. पण दर वेळी गार्ड थोडा पातळ आणि कडक होतो, म्हणून तीन-चार वेळा करत बसू नका.

स्वतः पारखून घ्या

कालामांना बुद्धांनी सांगितले की कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. दुकानदार म्हणतो म्हणून नाही, आम्ही लिहितो म्हणूनही नाही. मुलाच्या तोंडात गार्ड घालून या पाच गोष्टी तपासा.

तोंड उघडल्यावर गार्ड खाली पडतो का? पडत असेल तर तो बसलेला नाही. हात न लावता आणि दात न आवळता तो वर चिकटून राहिला पाहिजे.

मूल स्वतःचे नाव आणि "पास दे" स्पष्ट बोलू शकते का? मैदानात बोलता आले नाही तर मूल गार्ड काढून हातात धरेल.

वस्तीत दोन फेऱ्या धावून आल्यावर श्वास मोकळा वाटतो का? तोंडाने श्वास घेता आला पाहिजे. ज्या मुलांचे नाक कायम चोंदलेले असते, त्यांना आधी डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही बाजूंच्या दाढा गार्डवर एकाच वेळी टेकतात का? एकच बाजू टेकत असेल तर जबडा दुखेल.

हिरडीला, ओठांना काठ टोचतो का? टोचत असेल तर तेवढाच काठ नखाच्या किंवा बारीक कानशीने घासून गुळगुळीत करा.

पाचांपैकी एकही गोष्ट जमत नसेल तर पुन्हा बसवा. तरी जमले नाही तर दंतवैद्याकडे जा. तोंडात राहत नाही तो गार्ड कितीही महागाचा असला तरी बिनकामाचा. आणि गार्ड सरावातही घालायचा. आमच्या मुलीला मार लागला तो सामन्यात नव्हे, सरावात.

आधी दात, मग गार्ड

किडलेल्या, ठणकणाऱ्या दातावर गार्ड घालू नये. कीड झाकली जाते, बरी होत नाही. गार्ड घेण्यापूर्वी एकदा दात तपासून घ्या. आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. गुटखा, मावा, तंबाखूची मिश्री यांनी हिरड्या खराब होतात, आणि सैल हिरडीतला दात थोड्या माराने निघतो. मैदानावर येणाऱ्या मुलांच्या खिशात पुड्या सापडतात, हे आपण सगळे जाणतो. पंचशीलातले पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. ते मैदानावरही पाळायचे आहे, हे मुलांना प्रेमाने सांगा. आणि सांगणाऱ्या मोठ्यांच्या तोंडातही पुडी नसावी.

निगा कशी राखावी

खेळ झाला की गार्ड गार पाण्याने धुवावा. जुन्या मऊ ब्रशला साधा साबण लावून घासावा आणि चांगला खळबळावा. टूथपेस्ट लावू नये, तिने ओरखडे पडतात आणि त्यांत घाण साठते. गरम पाण्यात टाकू नये, उन्हात किंवा पत्र्याच्या घरात छताजवळ ठेवू नये. त्याचा आकार बिघडतो. वाळवून, भोके असलेल्या डबीत ठेवावा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओला ठेवला तर बुरशी धरते. डबी उंदीर आणि कुत्र्यांपासून लांब ठेवा, तो पदार्थ ते चावतात.

मुले गार्ड चघळतात. त्यांना तसे करू देऊ नका. दर महिन्याला उजेडात धरून पाहा. कुठे भोक, चीर किंवा पातळपणा दिसला, सैल झाला किंवा नवा दात आला, तर बदला. वाढत्या वयाच्या मुलांचा दर मोसमाला नव्याने तपासावाच.

गार्ड कुणाचा कुणी वापरायचा नाही, भावाबहिणीनेही नाही. धाकट्याला थोरल्याचे दप्तर चालते, गार्ड चालत नाही. एक तर माप वेगळे, आणि तोंडातले जंतूही एकाचे दुसऱ्याला जातात.

पैशाचे काय?

दोन-तीनशे रुपये ही रोजंदारीवरच्या घराला लहान रक्कम नाही, हे आम्ही जाणतो. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. तुटलेल्या दाताची रूट कॅनॉल आणि त्यावर टोपी करायची म्हणजे काही हजार रुपये, शिवाय दवाखान्याच्या अनेक खेपा आणि तितक्याच बुडालेल्या रोजी. जबड्यात स्क्रू बसवून करायचा पक्का दात तर जबड्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे साधारण अठरा वर्षांच्या पुढेच बसवतात. तोवर काढ-घाल करायच्या दातावर दिवस काढावे लागतात.

एकट्याला जड जाते ते संघाला हलके होते. भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेवर एका रात्रीत किती पैसे जातात याचा हिशेब प्रत्येक मंडळाकडे आहे. त्यातला एक भाग वस्तीतल्या खेळाडू मुलामुलींच्या गार्डसाठी आणि नडगीच्या पॅडसाठी काढून ठेवला, तर ती जयंती वर्षभर मैदानावर दिसेल. एकत्र डझनभर घेतले तर दुकानदारही भाव कमी करतो. एखाद्या रविवारी विहारात सगळ्या मुलांचे गार्ड एकत्र बसवून द्यावेत आणि वस्तीजवळच्या दंतवैद्यांना तपासायला बोलवावे.

दात निघालाच तर : हा भाग कापून भिंतीला लावा

मूल बेशुद्ध पडले, उलट्या झाल्या, असंबद्ध बोलू लागले किंवा जबडा हलत नसेल, तर दाताचा विचार नंतर. आधी मोठ्या रुग्णालयात न्या.

तसे काही नसेल तर आधी दात शोधा. सापडत नसेल आणि मुलाला खोकला किंवा धाप लागली असेल, तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.

दात वरच्या पांढऱ्या भागाला धरूनच उचला. मुळाला हात लावू नका, घासू नका, साबण लावू नका. त्या मुळावरचा नाजूक पापुद्रा जिवंत राहिला तरच दात पुन्हा धरतो. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने काही सेकंदच अलगद खळबळा.

कायमचा दात असेल आणि मूल शुद्धीवर, शांत असेल, तर तो सुलटा करून त्याच खाचेत हळूच बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर गार दुधात टाका. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाचे दूध असते, तापवलेले नको, पिशवीतले गार घ्या. दूध नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला लावून त्या लाळेत दात ठेवा. कोरड्या कागदात किंवा रुमालात कधीही नको. काहीच मिळाले नाही तर कोरडा ठेवण्यापेक्षा पाणीही बरे.

अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. उशीर झाला तरी जाच. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. तुटलेला तुकडाही दुधात ठेवून बरोबर न्या, कधी कधी तो चिकटवता येतो.

दुधाचा दात निघाला असेल तर तो परत बसवायचा नाही. खालच्या कायमच्या दाताला इजा होते. रक्त थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

खेळ थांबवू नका

शेवटी त्या घरातल्या चर्चेबद्दल. दात गेला म्हणून मुलीचा खेळ बंद करणे हा उपाय नव्हे. हरिद्वारजवळच्या रोशनाबादची वंदना कटारिया ही दलित घरातली मुलगी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. उपांत्य सामना संघ हरला तेव्हा तिच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या कुटुंबाने केली. त्यानंतर कांस्यपदकाच्या सामन्यात ती उतरली आणि त्यातही तिने गोल केला. आपल्या मुलींना मैदानाबाहेर काढायला टपलेले कमी नाहीत. निदान एका दातासाठी आपणच त्यांना घरी बसवू नये.

आमच्या वस्तीतली ती मुलगी आता पुन्हा खेळते. तिला काढता येणारा दात बसवला आहे. मैदानात उतरण्यापूर्वी ती तो काढून डबीत ठेवते आणि डॉक्टरांनी मापाने करून दिलेला निळा गार्ड घालते. त्याचे पैसे मंडळाने दिले. तिच्या पाठोपाठ संघातल्या आठ मुलींनी गार्ड घेतले आहेत. उरलेल्यांचे या जयंतीपूर्वी व्हावेत, असा प्रयत्न आहे. आपल्या वस्तीतही पुढच्या रविवारी हा विषय काढा.

जयभीम. नमो बुद्धाय.